बिनमेकअपचा मेकअप

सोमवार, ४ ऑक्टोबर

प्रिय रंगारीण,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. सह्या सोडल्या तर गेल्या दहा वर्षांत मी कागदाला पेन लावलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तू बरी आहेस ना? पाठ काय म्हणते? मी ठीक आहे. मालिका चालू आहे. मी अजून त्या घरातली मोठी सासू आहे आणि अजून त्याच जिन्यावरून दिवसातून चारदा खाली उतरते. गुडघ्यांची तक्रार केली तर दिग्दर्शक म्हणतो, जिन्याशिवाय तुमचा रुबाब दिसत नाही. लेखक म्हणतो, दोन महिन्यांत तुम्हाला मारायचा विचार आहे. मी म्हटलं, जरा लवकर बघ की.

तुझ्या जागी एक नवी मुलगी आली आहे. स्वभावाने गरीब आहे. तिच्याकडे रंग फवारायचं यंत्र आहे. डोळे मिटा, श्वास धरा, झालं. भिंत रंगवावी तसा चेहरा बारा मिनिटांत तयार होतो. तुला पाऊण तास लागायचा आणि त्यातली वीस मिनिटं तू निर्मात्याला नावं ठेवण्यात घालवायचीस. मला आता कळतंय की माझा दिवस त्या वीस मिनिटांवर चालायचा. ही पोरगी बोलतच नाही. मला घाबरते की काय कोण जाणे. बारा मिनिटं संपली की मी बाहेर पडते आणि कुणाशी दोन शब्द न बोलताच पहिला संवाद म्हणते.

शेजारणीबद्दल तिला काही सांगितलेलं नाही. तिला म्हटलंय, मानेची कातडी नाजूक आहे, कानाखाली हात लावायचा नाही, तिथलं मी घरूनच करून येते. आणि करते. पहाटे उठून, दोन आरसे समोरासमोर धरून. शेजारीण आता कानामागून निघून जबड्याच्या हाडाखाली पार उतरली आहे, ते तू शेवटी पाहिलंसच. जितकी मोठी होतेय तितकी पांढरी होतेय. तुझ्या डबीतला रंग तळाला लागलाय. मी स्वतः करून पाहिला, एकदा विटकरी झाला, एकदा चिखलासारखा. बावीस वर्षं डोळ्यांसमोर तू तो कालवलास आणि मी एकदाही नीट बघितलं नाही. मी आरशात स्वतःकडे बघत बसलेली असायचे.

तर एवढंच काम होतं. प्रमाण लिहून पाठवशील का? ड्रायव्हरकाका येतील तेव्हा त्यांच्याकडे दिलंस तरी चालेल.

त्या दिवशी कार्यक्रमानंतर तू घाईत निघालीस, बोलणं राहून गेलं. तुझा स्पंजांचा डबा इथेच आहे. मी ते धुऊन वाळवून ठेवलेत. धुताना कळलं की ते पिळायचे नसतात, नुसते दाबायचे असतात. दोन फाटले. रागावू नकोस.

लेकीला आशीर्वाद.

तुझी,
म्हातारी


रविवार, १७ ऑक्टोबर

प्रिय रंगारीण,

डबी मिळाली. बुधवारी सकाळी ड्रायव्हरकाकांनी आणून दिली. आत डबीभोवती गुंडाळलेला कागद होता: "पिवळा दोन, तपकिरी एक, लाल चिमूटभर, पांढरा अजिबात नको. उन्हाळ्यात तपकिरी वाढव." वर नाव नाही, खाली नाव नाही. मी कागद उलटून पाहिला, मागे काही आहे का. मागे जुन्या शूटिंगचं वेळापत्रक होतं.

तुझं बरोबर आहे. मी रंग मागितला होता, तू रंग पाठवलास.

आता मंगळवारचं सांगते, कारण ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं. तुला माहीत आहे, सेटवरच्या बातम्या चहापेक्षा लवकर थंड होतात आणि प्रत्येक कपात वेगळ्या लागतात.

मंगळवारी सुनेचं घर सोडून जाण्याचं दृश्य होतं. मी पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालते, ती बॅग घेऊन येते, मी मान वर न करता म्हणते, "जा. मी अडवणार नाही. मला कुणी जा म्हटलं नव्हतं, म्हणून मी राहिले." वाक्य चांगलं आहे. लेखकाला म्हटलंही, मारणार आहेस तर निदान तोंडी चांगलं काही घालून मार. सेटवर नवे दिवे आणले होते, पांढरे फटफटीत. त्यांच्यात माझा घरचा रंग गुलाबी दिसायला लागला. कॅमेरामन म्हणाला, "बाई, कानाखाली काहीतरी वेगळंच येतंय." मी डोळे मिटून वाक्य घोळवत बसले होते. मी काही म्हणायच्या आत नवी मुलगी ओला टिश्यू घेऊन आली आणि तिने तो जबड्यावरून एकदाच, अगदी मन लावून फिरवला.

तिची काही चूक नाही. रंग बिघडला तर पुसायचा, हे तिला तुझ्यासारख्याच कुणीतरी शिकवलेलं.

ती थांबली. हात तसाच हवेत. मग हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, भाजलंय का हे?"

मी म्हणाले, "नाही. कोड आहे."

बघ, लिहिलाही तो शब्द. बावीस वर्षांत आपण दोघींनी तो कधी उच्चारला नव्हता. शेजारीण डोकावतेय, शेजारीण आज शांत आहे, शेजारणीने नवीन खोली बांधली. सतरा माणसांचं युनिट तिथे उभं होतं आणि माझ्या तोंडून तो असा निघाला जसं कुणी वेळ विचारली आणि मी सांगितली.

दिग्दर्शक म्हणाला, थोडं थांबू या का? मी म्हणाले, नको, घ्या. यात धैर्यबिर्य काही नव्हतं, तुला म्हणून सांगते. पाय दुखत होते, पोटात काही नव्हतं, आणि परत व्हॅनमध्ये जाऊन आरशासमोर बसायचं माझ्या जिवावर आलं होतं. दृश्य पहिल्याच टेकमध्ये झालं. कट म्हटल्यावर मागून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी आयुष्यभर टाळ्यांवर जगले, पण त्या ऐकवेनात. घड्या घातलेले कपडे मी परत विस्कटले आणि पुन्हा घड्या घालत बसले, सगळे जेवायला जाईपर्यंत.

बुधवारी सकाळी दिग्दर्शकाचा फोन आला. म्हणाला, रात्रभर विचार केला, तुमची इच्छा असेल तर दृश्य पुन्हा घेऊ, अर्ध्या तासाचं काम आहे, कुणाला काही कळणार नाही. भला माणूस आहे. मी म्हटलं, तासाभराने सांगते. आणि तेवढ्यात तुझी डबी आली.

मी झाकण उघडलं. बोट बुडवून कानाखाली लावलं. रंग असा मिसळला की मलाच सापडेना मी कुठे लावलाय ते. अंदाजाने, मला न बघता, तू तो घरी बसून कालवला होतास. मी त्या डबीसमोर बसून राहिले. नंतर झाकण लावलं, लावलेलं पुसलं आणि त्याला सांगितलं, आहे तेच राहू द्या.

आता तू म्हणशील, एवढं होतं तर मग त्या दिवशी काय झालं होतं. तेच लिहायला बसले आहे आणि दोन पानं भरली तरी तिथे पोचत नाहीये.

'जशी आहे तशी'. त्या मोहिमेचं हे नाव कुणी काढलं होतं ग? त्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीतल्या तरुण मुलीने, जी आपल्याला सारखी 'सक्षम स्त्रिया' म्हणत होती आणि स्वतः सकाळपासून उपाशी धावत होती. माझा बिनमेकअपचा मोठा फोटो हवा होता, एक्कावन्न वर्षांच्या बाईचा, सुरकुत्यांसकट. तो बिनमेकअपचा मेकअप करायला तुला दोन तास लागले. सुरकुत्या ठेवायच्या होत्या, पण नीट. डोळ्यांखालचं काळं थोडं ठेवायचं, सगळं नाही. आणि शेजारीण मात्र पार घालवायची. तू काम करताना हसत होतीस. म्हणालीस, "म्हातारे, एवढा रंग तर तुला राणी करताना लागला नव्हता." मीही हसले. तेव्हा आपल्याला दोघींनाही ते विनोदीच वाटत होतं. निदान मला.

मग तो कार्यक्रम, पुन्हा तोच दोन तासांचा मेकअप करून. सभागृहात साताठशे बायका. तुझ्या लेकीला पास मी दिले, तिसऱ्या रांगेतले, मध्यभागचे. मला वाटलं होतं, तिला आनंद होईल. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की तिचा उपयोग होईल, म्हणजे तिला उपयोग होईल, भाषणाचा. बघ, लिहिताना हात कसा घसरतो.

भाषण त्यांनी लिहून दिलेलं होतं. पण "आज माझ्या चेहऱ्यावर काहीही नाही" हे वाक्य त्यात नव्हतं. ते माझं. समोर एवढ्या बायका बघितल्या, पहिल्या रांगेतली एक रडायला लागलेली दिसली, आणि मला चढलं. तुला ठाऊक आहे मला कसं चढतं. दोन्ही हात गालांना लावून म्हणाले, आज माझ्या चेहऱ्यावर काहीही नाही, हीच मी आहे, आणि मला माझी लाज वाटत नाही. सगळं सभागृह उभं राहिलं. मी उजवीकडे पाहिलं तर पडद्याच्या कडेला तू उभी होतीस. हातात स्पंज. घामाने कानाखालचा रंग उतरला तर पटकन सावरता यावा, म्हणून तू माझ्याच सांगण्यावरून तिथे उभी होतीस.

ज्या वाक्यावर त्या बायका उभ्या राहिल्या, त्या वाक्याचा पहारा तू करत होतीस. मला तेव्हा एवढंच वाटलं की बरं झालं, जवळ आहे.

या सगळ्या सन्मानांचं मी काय सांगू. घरात अकरा सन्मानचिन्हं आहेत, त्यातल्या दोनांनी दारं अडवून धरलीत, एकावर कपडे वाळतात. बायका मला भेटून सांगतात, तुमचं अमुक काम बघून मी नोकरी धरली, तमुक संवाद ऐकून मी त्याला पहिल्यांदा उलट बोलले. त्या खरं बोलत असतात. त्यांचे हात गार असतात, धीर करून आलेल्या असतात. आणि मी दरवेळी मान थोडी डावीकडे वळवून उभी राहते, म्हणजे कानाची बाजू फोटोत येणार नाही. इतकी वर्षं मान वळवून वळवून माझी बसायची पद्धतच तशी झाली आहे. समीक्षक त्याला माझी खास ढब म्हणतात.

त्या दिवशी ग्रीनरूममध्ये तुझी लेक आली. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. बोटांवरचे डाग मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले, आणि डोळ्यांभोवतीचेही. लहानपणी ही पोर माझ्या मांडीवर बसून माझी लिपस्टिक खायची. मला मावशी म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "मॅडम, छान बोललात. पण तुम्हाला सोपं आहे. तुमच्याकडे स्वीकारायला काही नाहीच."

उद्धटपणे नाही बोलली. थकून बोलली. सोळा वर्षांच्या मुलीच्या आवाजात तसा थकवा असू नये.

तू बेसिनपाशी होतीस. नळ बंद केलास. मागे वळली नाहीस, आरशातून माझ्याकडे पाहिलंस. मी ती नजर कितीदा तरी आठवते. तुझ्या नजरेत राग नव्हता. तू वाट बघत होतीस. मला बोलायला जागा करून देत होतीस. खोलीत आपण तिघीच होतो, दार बंद होतं, आणि मला फक्त टिश्यूचा एक तुकडा ओला करून कानाखाली फिरवायचा होता.

मी म्हणाले, "अगं, तू किती सुंदर आहेस." आणि समोरच्या गठ्ठ्यातला एक फोटो ओढून त्यावर लिहिलं, 'स्वतःवर प्रेम कर', आणि खाली माझी ती मोठी गोलाईची सही केली.

तिने फोटो घेतला, थँक यू म्हणाली आणि बाहेर गेली. तू पेटी आवरलीस. दार बंद असताना तू मला कधीच अहो-जाहो केलं नाहीस. त्या दिवशी म्हणालीस, "बाई, तुमच्या व्हॅनची किल्ली इथे ठेवलीये." मी म्हटलं, उद्या नऊचा कॉल आहे. तू पेटी उचललीस आणि निघालीस.

हे सगळं तुला माहीतच आहे. मला तुला जे सांगायचंय ते याच्या आधीचं आहे. तेही तुला माहीत आहे, पण मला ते माहीत आहे, हे तुला माहीत नसेल.

चार वर्षांपूर्वी, लेक बाराची होती, डाग डोळ्यांपर्यंत आले होते आणि तिने शाळेच्या नाटकातून नाव काढून घेतलं होतं. तू माझी वेणी घालत होतीस. घालता घालता म्हणालीस, "तुझं तिला सांगू का? फक्त तिला. तिला वाटतं, हे जगात तिलाच झालंय." मी तुला पुरतं बोलूही दिलं नाही. म्हणाले, "नको ग, लहान आहे, शाळेत बोलून जाईल." त्या वेळी चेहऱ्याच्या क्रीमच्या जाहिरातीचं काम माझ्याकडे होतं. तू "बरं" म्हणालीस आणि वेणी पूर्ण केलीस. तेवढंच. संध्याकाळी तू नेहमीसारखी निर्मात्याला नावं ठेवलीस. मला वाटलं, विषय संपला.

विषय संपला नव्हता. तू त्यानंतर चार वर्षं रोज सकाळी माझ्याकडे यायचीस, माझा डाग झाकायचीस, संध्याकाळी तिच्याकडे परत जायचीस आणि ती विचारायची, आई, तू सगळ्यांचे चेहरे नीट करतेस, मग माझा का नाही करत? तू मला एकदा हसत सांगितलं होतंस हे, पोरगी कशी भांडते म्हणून. मी विचारलंही होतं, का नाही करत तू? तू म्हणालीस, "एकदा सवय लागली की त्याच्याशिवाय दारात जाता येत नाही. मी पाहिलंय." मी तेव्हा मान डोलावली होती. कुणाकडे पाहिलंयस हे मला आता, नवी पोरगी आल्यावर, पहाटे दोन आरसे धरून बसल्यावर कळलं.

एका वाक्याने तिचं थोडं तरी हलकं झालं असतं. ते वाक्य तुझ्याजवळ होतं. तू ते माझ्यासाठी गिळलंस. मी तुझ्या लेकीच्या वाट्याचं घेतलं आणि मला ते घेतल्यासारखंसुद्धा वाटलं नाही. मला माफ कर, असं लिहिते आहे, पण तू करशीलच असं धरून चाललेली नाही.

आता कामाचं, आणि हे घाईचं आहे.

तो भाग येत्या गुरुवारी संध्याकाळी दाखवणार आहेत. थांबवता येत नाही, आणि मला थांबवायचाही नाही. युनिटमधल्या कुणीतरी बाहेर सांगितलेलं आहेच. काल त्या कंपनीतल्या मुलीचा फोन आला. आनंदाने तिचा आवाज फाटत होता. म्हणाली, मॅडम, ही तर आणखी मोठी गोष्ट आहे, आपण तुमचा प्रवास सांगू या, तुम्ही स्वतःला कसं स्वीकारलंत. मी म्हटलं, अजून स्वीकारलेलं नाही, झालं की कळवते. तिला वाटलं मी विनोद केला. खरंच नाही झालेलं ग. सकाळी आरशात बघते तर अजून हात आपोआप डबीकडे जातो. डबी मी खणात खाली टाकली आहे, वर रुमाल ठेवलाय.

मला भीती गुरुवारची वाटते, पण माझ्यासाठी नाही. लोक दोन दिवस बोलतील, मग मला धाडसी म्हणतील, मग विसरतील. मला भीती याची वाटते की तुझी लेक ते टीव्हीवर बघेल, आणि पहिला प्रश्न तिला हाच पडेल की आईला माहीत होतं का. आणि मग ती तुझ्याकडे बघेल. तिने तुझ्याकडे तसं बघावं, हे मला सहन होणार नाही. म्हणून गुरुवारच्या आत तू सांग. माझ्या तोंडून नको, टीव्हीकडून तर नकोच. तुझ्याकडून. आणि मी 'नको' म्हटलं होतं, हेही सांग. माझी बाजू सावरू नकोस. तुला सवय आहे.

सोबत तिच्यासाठी एक चिठ्ठी ठेवली आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. आधी तू वाच. द्यावीशी वाटली तर दे, नाही तर चुलीत घाल, मी विचारणार नाही.

तू परत ये असं म्हणायला मी हे लिहिलेलं नाही. खोटं कशाला, म्हणावंसं वाटतंय. पण आलीस तर रंगासाठी येऊ नकोस. खुर्ची आहे, आरसा आहे, निर्माता अजून तोच आहे.

तुझी,
म्हातारी


(चिठ्ठी)

बाळ,

आईने तुला सगळं सांगितलं असेल तरच ही तुझ्या हातात पडेल. म्हणून परत सांगत नाही. जे माझं मी सांगायचं ते एवढंच.

तू म्हणालीस, माझ्याकडे स्वीकारायला काही नाही. होतं. तू समोर उभी होतीस तेव्हा ते माझ्या डाव्या कानाखाली होतं, आणि तुझ्या आईने सकाळी दोन तास खपून ते झाकलेलं होतं. मी तुझ्याशी खोटं बोलले. त्या स्टेजवर साताठशे बायकांशी बोलले ते वेगळं, त्यांचं मी बघेन. तुझ्याशी बोलले ते बंद खोलीत, बाहेरचं कुणीही बघत नसताना बोलले.

आई तुझ्याशी खोटं बोलली नाही. तिने मला विचारलं होतं, तुला सांगू का म्हणून, आणि मी नको म्हणाले. तिने शब्द पाळला. ज्या माणसासाठी पाळला त्याची लायकी नव्हती, पण तो दोष पाळणाऱ्याचा नाही. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव. खूप दिवस रागव, मला चालेल.

तिने तुझ्या चेहऱ्याला कधी रंग लावला नाही याचा तुला राग आहे, हे मला माहीत आहे. मला तिने बावीस वर्षं लावला. आज मला दारापर्यंत जायला धीर गोळा करावा लागतो. तुला नाही लागत. तू त्या दिवशी तिसऱ्या रांगेत साताठशे बायकांच्या मधोमध तशीच येऊन बसली होतीस, आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी स्टेजवर नुसतं बोलत होते आणि ते करणारी सभागृहात तू एकटी होतीस. मला दिसलं नाही.

मी दिलेला तो फोटो फाडून टाक. त्यावर लिहिलेलं मला स्वतःला जमलेलं नाही, मी तुला कशाला सांगू. बाह्या वर कर की खाली कर, नाटकात काम कर की करू नकोस, ते तुझं तू बघ. मला फक्त तू नाव काढून घेतलंस तेव्हा तू एकटी नाहीस हे तुला कुणी सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं. सांगायला दोघी होतो. एकीला मी बोलू दिलं नाही आणि दुसरी मीच.

मावशी म्हणायचं की मॅडम, ते तू ठरव. खाली सही करत नाही. तुला एकदा दिली तेवढी पुरे झाली.

तुझ्या आईच्या हाताखाली
बावीस वर्षं डोळे मिटून बसलेली